आशिया चषकाच्या आधीचा तो दुसरा चषक

आशिया चषकाचं वेळापत्रक जाहीर झालं की नाक्यावर एक प्रश्न हमखास निघतो. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, अफगाणिस्तान हे ठीक. पण हा सहावा कोण, आणि त्याला आत घेतला कुणी? २०१८ मध्ये तो सहावा हाँगकाँग होता, २०२३ मध्ये नेपाळ. २०२५ मध्ये तर एकदम तीन आले: संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि पुन्हा हाँगकाँग. ‘मॅची वाढवायला घुसवलेत, दुसरं काय’ हे रत्नागिरीतल्या कुठल्याही टपरीवर चहाबरोबर फुकट मिळणारं उत्तर.

उत्तर चुकीचं आहे. हे संघ कुणी घुसवत नाही. ते एका वेगळ्या स्पर्धेत बाकीच्या संघांशी झगडून आलेले असतात, आणि त्या स्पर्धेच्या बातमीला आपल्याकडे चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही.

कोकणात मात्र ती स्पर्धा डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं आहेत. फक्त ती आपल्या क्रिकेटच्या गप्पांत नसतात. हापूसच्या बागा राखायला दरवर्षी नेपाळहून माणसं येतात, मिरकरवाड्याच्या लाँचींवरही खलाशी म्हणून नेपाळी पोरं असतात. २०२३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला पावसजवळच्या एका बागेत आंबा काढायचं काम चालू होतं. राखणदाराने मोबाइल एका रिकाम्या पेटीला टेकवून ठेवला होता. वर झाडावर असलेला त्याचा साथीदार दर दोन मिनिटांनी नेपाळीत काहीतरी विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत आंबा काढायची घळ जागच्या जागी थांबायची. बागवाल्याने विचारलं, आयपीएल का? राखणदार म्हणाला, ‘नाही साहेब, आमची फायनल आहे.’ काठमांडूजवळच्या कीर्तिपूरला त्या वेळी आशियाई क्रिकेट परिषदेच्या (एसीसी) मेन्स प्रीमियर कपचा, म्हणजे त्याच वेगळ्या स्पर्धेचा, अंतिम सामना चालू होता. नेपाळ विरुद्ध अमिराती.

## आधी दर्जाची भानगड

जागतिक क्रिकेट चालवणाऱ्या आयसीसीचे सदस्य दोन प्रकारचे. १२ देश पूर्ण सदस्य आहेत. ते कसोटी खेळतात, आणि कितीही हरले तरी त्यांची जागा हलत नाही. बाकीचे नव्वदहून जास्त देश सहयोगी सदस्य. आशियातले पूर्ण सदस्य पाच, म्हणजे वर मोजले तेच. अफगाणिस्तान त्यांत २०१७ मध्ये, आयर्लंडबरोबर आला.

आता ‘एकदिवसीय दर्जा’. दोन देश ५० षटकं खेळले म्हणून तो सामना अधिकृत एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना होत नाही. त्यासाठी दोन्ही संघांकडे तसा दर्जा असावा लागतो. पूर्ण सदस्यांना तो कायमचा असतो. सहयोगी देशांपैकी फक्त आठांना, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. मुदत संपली की पुन्हा पात्रता स्पर्धा, पुन्हा धाकधूक. २०१८ च्या मार्चमध्ये झिंबाब्वेत झालेल्या पात्रता स्पर्धेत नेपाळला हा दर्जा पहिल्यांदा मिळाला, आणि त्याच स्पर्धेत हाँगकाँगने तो गमावला. गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हाँगकाँग आशिया चषकात दुबईला भारताविरुद्ध उतरलं. दर्जा नसलेला संघ असूनही सामने अधिकृत धरले जावेत म्हणून आयसीसीने त्या स्पर्धेला खास मंजुरी दिली होती. निझाकत खान आणि अंशुमन रथ यांनी सलामीलाच १७४ धावा जोडल्या आणि भारत शेवटी २६ धावांनी सुटला. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्यांना आठवत असेल, भुवनेश्वर आणि कंपनीला विकेट मिळता मिळत नव्हती.

## नावं सारखी, स्पर्धा दोन

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण आशियाई क्रिकेट परिषद, म्हणजे एसीसी, ‘उदयोन्मुखां’साठी दोन वेगळ्या गोष्टी भरवते.

एक, प्रीमियर कप. यात उदयोन्मुख असतो तो देश. पूर्ण सदस्य यात नसतात. नेपाळ, ओमान, अमिराती, कुवेत, मलेशिया असे देश आपला मुख्य, सर्वांत बलवान संघ घेऊन येतात.

दोन, इमर्जिंग टीम्स आशिया कप (२०२५ पासून नाव ‘आशिया कप रायझिंग स्टार्स’). यात उदयोन्मुख असतो तो खेळाडू. भारत, पाकिस्तान वगैरे आपले ‘अ’, म्हणजे दुसऱ्या फळीचे, संघ पाठवतात, आणि प्रीमियर कपातले पहिले तीन देश त्यांच्यासमोर उभे राहतात. २०२३ मध्ये ही स्पर्धा श्रीलंकेत ५० षटकांची झाली. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने गटातल्या सामन्यात पाकिस्तान ‘अ’चे पाच गडी घेतले ते याच स्पर्धेत. अंतिम सामन्यात मात्र त्याच पाकिस्तान ‘अ’ने आपल्याला १२८ धावांनी हरवलं. पाकिस्तानच्या संघात आंतरराष्ट्रीय सामने खेळून आलेले बरेच होते, त्यावर तेव्हा तक्रारही झाली. मला ती फारशी पटत नाही. नियमात बसत होतं ते त्यांनी केलं.

पुढे मी बोलतोय ते पहिल्या स्पर्धेबद्दल.

## कीर्तिपूरचे दहा संघ

२०२३ चा प्रीमियर कप एकदिवसीय होता. त्याच्याही खाली चॅलेंजर कप नावाची एक स्पर्धा असते. ती थायलंडमध्ये झाली आणि तिथून सौदी अरेबिया आणि बहारीन वर आले. असे दहा संघ, पाच-पाचांचे दोन गट. एका गटात नेपाळ, ओमान, कतार, मलेशिया, सौदी. दुसऱ्यात अमिराती, कुवेत, हाँगकाँग, सिंगापूर, बहारीन. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत.

पाचांच्या गटात वाट्याला चारच सामने येतात. एक हरला की गुणांची बरोबरी होण्याची शक्यता फार, आणि बरोबरी झाली की निर्णय नेट रनरेटवर जातो. पेपरात हा आकडा अधिक-उण्यात छापतात आणि तो कुठून आला ते कुणी सांगत नाही. हिशेब असा: आपण दर षटकाला सरासरी किती धावा केल्या, त्यातून समोरच्यांनी आपल्याविरुद्ध दर षटकाला किती केल्या ते वजा करायचं. खाच पुढे आहे. संघ सर्वबाद झाला तर तो पूर्ण ५० षटकं खेळला असं धरतात. समजा एखादा संघ २० षटकांत १०० धावांत आटोपला. त्याचा वेग पाच धरला जात नाही, १०० भागिले ५०, म्हणजे फक्त दोन. समोरच्यांनी १२ षटकांत १०१ केल्या तर त्यांचा वेग ८.४२. म्हणजे हरलेल्या संघाच्या खात्यात त्या एका सामन्यापुरते उणे ६.४२. एवढा खड्डा उरलेल्या तीन सामन्यांत भरून काढणं महाकठीण. म्हणून सामना हातातून गेलाय हे कळल्यावरही हे संघ शेवटच्या जोडीला एकेक धाव जमवत बसवतात. बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण ते फुकटचं नसतं.

नेपाळची तेव्हाची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत थेट जायचं तर लीग-२ या सहयोगी देशांच्या एकदिवसीय स्पर्धेतल्या शेवटच्या १२ सामन्यांपैकी ११ जिंकायला हवे होते, आणि त्यांनी ते जिंकले. त्यांतला शेवटचा १६ मार्च २०२३ ला, कीर्तिपूरलाच, अमिरातीविरुद्ध. मैदानावर दिवे नव्हते, उजेड कमी झाला आणि डकवर्थ-लुईसच्या गणिताने नेपाळ ९ धावांनी पुढे ठरलं. लोक मैदानाबाहेरच्या झाडांवर चढून बसले होते. त्यानंतर महिन्याभराने हा प्रीमियर कप. मैदान तेच, बरीचशी माणसंही तीच, कर्णधार रोहित पौडेल. अंतिम सामन्यात अमिराती ११७ धावांत आटोपली, डावखुऱ्या ललित राजवंशीने १४ धावांत चार गडी घेतले. पावसाने सामना राखीव दिवसावर ढकलला. पाठलाग करताना नेपाळ सुरुवातीला गडबडलं, मग गुलशन झा नावाचं कोवळं पोर ६७ धावा करून नाबाद राहिलं आणि नेपाळ सात गडी राखून जिंकलं.

## कप मिळाला, पण पुढे काय?

चषकाची किंमत इथे दुय्यम असते. खरं बक्षीस म्हणजे आशिया चषकात जागा. नेपाळला ती आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

जागा मिळाली म्हणजे काय, हे पैशात बघू. २०२४ ते २०२७ या चार वर्षांसाठी आयसीसीच्या उत्पन्नाचं जे वाटप ठरलं, त्यात भारताच्या बोर्डाचा वाटा साधारण ३८.५ टक्के आहे. नव्वदहून जास्त सहयोगी देशांचा सगळ्यांचा मिळून साधारण ११ टक्के. या ११ टक्क्यांतून पगार, प्रशिक्षक, खेळपट्ट्या, पोरांचे संघ, बायकांचे संघ सगळं चालवायचं. अशा बोर्डाच्या दृष्टीने भारताविरुद्धचा एक सामना म्हणजे प्रायोजकाला दाखवायला हातात आलेला कागद. शिवाय पूर्ण सदस्य एरवी यांच्याशी क्वचितच खेळतात. नेपाळला २०१८ मध्ये एकदिवसीय दर्जा मिळाला. भारताविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना मिळाला तो ४ सप्टेंबर २०२३ ला, पल्लेकेलेला, तोही हा कप जिंकला म्हणून.

## पन्नास षटकंच कशाला? टी-ट्वेंटी उरका की

हा प्रश्न रास्त आहे. लोक म्हणतात, लहान संघाला टी-ट्वेंटी सोपं, कारण दोन चांगले गोलंदाज असले की भागतं. पण आकडेमोड करून बघा. टी-ट्वेंटीत एक गोलंदाज २० पैकी ४ षटकं टाकतो, एकदिवसीयमध्ये ५० पैकी १०. दोन्हीकडे पाचवा हिस्साच. गोलंदाजीचं प्रमाण बदलतच नाही.

बदलतं ते फलंदाजीचं. दहा गडी तेवढेच, पण चेंडू १२० च्या जागी ३००. टी-ट्वेंटीत १२ चेंडूंमागे एक गडी गेला तरी वीस षटकं निघतात. एकदिवसीयमध्ये त्याच वेगाने गडी गेले तर डाव विसाव्या षटकातच संपतो. पहिले तीन फलंदाज बरे आणि बाकी भरती, असा संघ टी-ट्वेंटीत झाकला जातो. ५० षटकांत पंधराव्या ते पस्तिसाव्या षटकात उघडा पडतो. फिरकीवर एक-एक धाव काढत राहणं, उन्हात साडेतीन तास क्षेत्ररक्षण करून मग पॅड बांधणं, हे सवयीशिवाय येत नाही, आणि सवय व्हायला असे सामने मिळावे लागतात.

आपल्याकडे सड्यावर किंवा भात कापलेल्या मळ्यात टेनिस चेंडूवर सहा-आठ षटकांच्या मॅची खेळणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांतला एखादा लेदर बॉलच्या सामन्यात गेला की पहिली वीस मिनिटं त्याला कळत नाही, आता मारायचं नाही तर करायचं काय.

## हे संघ म्हणजे नोकरीला गेलेली आपलीच माणसं ना?

आखाती संघांपुरतं बोलायचं तर बरंचसं खरं. कुवेत, कतार, बहारीन, सौदी, ओमान यांच्या खेळाडूंची यादी वाचा. भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन नावं. २०२३ मध्ये उपांत्य फेरी गाठलेल्या कुवेतचा फलंदाज मीत भावसार. २०१५ च्या विश्वचषकात पर्थला भारताविरुद्ध अमिरातीकडून खेळलेला यष्टिरक्षक स्वप्नील पाटील तर आपला वसईचा.

यावर ‘मग त्या देशाचा संघ कसला?’ असं नाक मुरडणाऱ्यांनी गावातली ‘एक गाव एक संघ’ स्पर्धा आठवावी. तिथेही पहिल्या मॅचच्या आधी भांडण याच गोष्टीवरून होतं. मुंबईला जन्मलेला पण घर इथलं, तो चालेल का? दहा वर्षं इथे भाड्याने राहतो पण आधारकार्डावर पत्ता कोल्हापूरचा, तो? बाजूच्या गावचा ‘आयकॉन’ आणला तर? शेवटी आयोजक आधारकार्ड बघून एक रेघ मारतात आणि समालोचक माइकवरून सगळ्यांना शांत बसायला सांगतो. आयसीसीने मारलेली रेघ तीन प्रकारची आहे: त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा सलग तीन वर्षं तिथला रहिवास. तिन्हींपैकी एक पुरे.

रहिवासाचं कलम काढून टाकलं तर आखातातलं क्रिकेट उद्या बंद होईल, कारण तिथे जन्मभर राहिलं तरी सहसा नागरिकत्व मिळत नाही. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कितीतरी घरांतली दुसरी-तिसरी पिढी कुवेत-मस्कतला आहे. शुक्रवारच्या सुट्टीत तिथल्या मोकळ्या जागांवर खेळणारे हेच. रोजगारासाठी ज्यांनी उमेदीची वर्षं त्या देशाला दिली, त्यांनी त्या देशाची टोपी घातली तर त्यात गैर काय, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

नेपाळची गोष्ट मात्र उलटी. तिथला संघ जवळजवळ सगळा तिथेच वाढलेल्या पोरांचा, आणि देशातली माणसं बाहेर. म्हणून नेपाळचा सामना कुठेही असो, दोहा, दुबई किंवा मस्कत, प्रेक्षकांत लाल-निळे झेंडे दिसतातच.

## मग मोठ्यांसमोर पालापाचोळा का होतो?

होतो. नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ च्या आशिया चषकातल्या पहिल्याच सामन्यात मुलतानला पाकिस्तानने ३४२ केल्या, बाबर आझम १५१. नेपाळ १०४ सर्वबाद. २०२५ मध्ये दुबईला भारताने अमिरातीला ५७ धावांत गुंडाळलं. कुलदीपने सात धावांत चार बळी घेतले आणि आपण पाचवं षटक संपायच्या आत जिंकलो.

पण मुलताननंतर पाचच दिवसांनी त्याच नेपाळने भारताविरुद्ध २३० केल्या. आसिफ शेख ५८, खाली येऊन सोमपाल कामी ४८. त्याच २०२५ च्या स्पर्धेत ओमानने भारताच्या १८८ ला उत्तर देताना चार गडी गमावून १६७ केल्या, आणि त्यात ६४ होत्या त्रेचाळीस वर्षांच्या आमिर कलीमच्या. फरक एवढाच की पाच दिवसांपूर्वी तसा वेग, तशी फिरकी अंगावर आलेली असते. वर्षातून एकदाच असा सामना मिळणाऱ्याचा पहिला दिवस वाईट जाणारच. बांगलादेश आणि अफगाणिस्तान दोघेही कधीकाळी असेच खालच्या स्पर्धांतून आलेत. १९९७ मध्ये क्वालालंपूरला केनियाला हरवून बांगलादेशाने आयसीसी ट्रॉफी जिंकली आणि तीन वर्षांत कसोटी दर्जा मिळवला. अफगाणिस्तान २००८ मध्ये जर्सी बेटावर पाचव्या श्रेणीत खेळत होतं. २०१८ मध्ये बंगळुरूला त्यांची पहिली कसोटी झाली.

## खोट कुठे आहे

माझी तक्रार स्पर्धेच्या दर्जाबद्दल नाही, तिच्या वेळापत्रकाबद्दल आहे. प्रीमियर कपचं स्वरूप आशिया चषकाच्या मागे फरफटत जातं. आशिया चषक ५० षटकांचा असेल तर हीही ५० ची, तो टी-ट्वेंटी तर हीही टी-ट्वेंटी. २०२४ चा कप म्हणूनच ओमानमध्ये टी-ट्वेंटी झाला. ५० षटकांचा संघ बांधायला घेतलेल्या देशाने मध्येच सगळं मोडून पुन्हा मांडायचं.

त्याहून वाईट म्हणजे निवड आणि मुख्य स्पर्धा यांतलं अंतर. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच कपात नेपाळच्या दीपेंद्र सिंह ऐरीने कतारविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले. तरी नेपाळ उपांत्य फेरीत अमिरातीकडून आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात हाँगकाँगकडून हरलं, आणि २०२५ चं तिकीट गेलं. स्पर्धेला तेव्हा जवळजवळ दीड वर्ष बाकी होतं. पुढे २०२५ च्या २७ सप्टेंबरला, दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना व्हायच्या आदल्या दिवशी, शेजारच्या शारजात नेपाळने वेस्ट इंडिजला टी-ट्वेंटीत हरवलं आणि ती मालिका २-१ ने जिंकली. एका पूर्ण सदस्याला मालिकेत हरवणारा संघ तासाभराच्या अंतरावर, आणि आशिया चषकात मात्र त्याचं नाव नाही.

निवड आशिया चषकाच्या सहाच महिने आधी घेतली तरी पुष्कळ फरक पडेल. दरवेळी मोजक्या जागांसाठी दहा देशांना झुंजवण्याऐवजी ५० षटकांची स्पर्धा दरवर्षी झाली, आशिया चषक कुठल्याही प्रकारचा असो, तर या देशांना घडी बसवायला वेळ मिळेल. पुढचा, २०२७ चा आशिया चषक बांगलादेशात आणि पुन्हा एकदिवसीय ठरलाय. म्हणजे २०२४ मध्ये वीस षटकांच्या हिशेबाने निवडलेल्या पोरांना आता पुन्हा ५० चं गणित शिकायचंय, आणि पात्रतेचे सामने हंगामात आले तर आमच्याकडच्या बागांत आंबा काढायला थोडा उशीर होईल.